थंडाव्याचा डबा

परवा माझ्या नातवाने फणसाखाली गाडी उभी करून तिच्यात गॅस भरला. गाडीतला एसी गार हवा सोडेनासा झाला होता. गॅरेजवाल्याकडे कशाला न्यायची, घरच्या घरी होतं म्हणाला, आणि कुठून तरी पार्सलने एक डबी, एक नळी आणि घड्याळासारखी तबकडी मागवली. इंजिन चालू, पंखा जोरात, बॉनेट उघडं, आणि हा डबी हातात घेऊन कधी उभी, कधी आडवी हलवतोय. मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. जरा वेळाने मला गाडीत बसवलं, सगळ्या काचा वर केल्या आणि विचारलं, "आजी, हात धर बघू पुढे. लागतंय का गार?" मी हात धरला नाही. मांडीवरच ठेवला आणि म्हटलं, "वायच." तो हसला. आमच्याकडचा 'वायच' त्याला गमतीचा वाटतो. थोडंसं, एवढाच त्याचा अर्थ. पण हा शब्द मी आयुष्यात कितीदा खोटा बोलले आहे ते त्याला ठाऊक नाही. सांगायचं तरी कोणाला? तेव्हाची माणसं सगळी गेली. म्हणून लिहून ठेवते.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, रत्नागिरीत मोटार भाड्याने चालवायचे. जुनी काळी विलायती मोटार, पुढे दोन मोठे दिवे, आणि हॉर्न असा की परटवण्याच्या वळणावर वाजला की घरात आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. घर लहान. पुढे पडवी, मधे माजघर, मागे चूल आणि न्हाणी, आणि परसात विहीर. माझ्या आधीची दोन मुलं गेलेली, त्यामुळे मी एकटीच. घरात आवाज तसे कमीच. रहाटाची कुरकुर, उन्हाळ्यात पत्र्यावर टपकन पडणारे रायवळ आंबे, आणि आईचा श्वास. हो, आईचा श्वास हा आमच्या घरातला आवाजच होता. लहानपणी तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि त्यात हृदयाची झडप बिघडली, असं डॉक्टर म्हणायचे. मी चौदा वर्षांची झाले तोवर तिला आडवं झोपता येत नव्हतं. भिंतीला गाद्यांची वळकटी लावून ती बसूनच झोपायची. पाय सुजायचे. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो हळूहळू भरायचा. मी तो भरेपर्यंत बघत बसायचे. शाळा सुटली होती माझी, घर मीच चालवत होते.

डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं होतं. कोकणातल्या माणसाचं मीठ तोडायचं म्हणजे काय, ते ज्याचं तुटलं त्यालाच कळतं. मी तिच्यासाठी उकड्या तांदळाची अळणी पेज करायची आणि आम्हा दोघांसाठी निखाऱ्यावर सुका बांगडा भाजायची. वास माजघरात जायचा. आई म्हणायची, "भाज गो, भाज. वास घ्यायला डॉक्टरनी बंदी नाय केलेली." आणि खरंच डोळे मिटून वास घ्यायची. एकदा तिने खारातल्या कैरीची फोड मागितली. मी दिली नाही. मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "बरी हो आधी, मग बरणीच घेऊन बस." ती म्हणाली, "मेली माझी सासू होऊन बसलीय!" आणि हसता हसता तिला ढास लागली.

उन्हाळा तिला सोसायचा नाही. आमच्याकडचा उन्हाळा भाजत नाही, उकडतो. अंगावर घाम तसाच राहतो, वाळत नाही. मे महिन्यात आईच्या नाकाभोवती निळसर दिसू लागायचं. डॉक्टर म्हणायचे मिरजेला न्या, तिथे झडपेवर काही करता येईल का ते बघतील. तात्या तयार होते. मोटार घरची, रस्ता पायाखालचा. आईच नाही म्हणायची. पेट्रोलच्या वासाने आणि मोटारीतल्या उकाड्याने माझा जीव घाटातच जाईल, मला घरात मरू दे, म्हणायची. या एका गोष्टीवर दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात हसनचाचा आले. ते जयगडचे, आगबोटीवर इंजिनात कामाला. सुट्टीवर आले की बंदरातून जयगडला जायला तात्यांचीच मोटार लागायची, त्यातून दोस्ती झालेली. येताना काही ना काही घेऊन यायचे, कधी खजूर, कधी आईसाठी रेशमी रुमाल. त्या वेळी गोणपाटात गुंडाळून एक पत्र्याचं जाड नळकांडं आणलं. आमच्या कळशीहून लांब, दोन्ही टोकं बंद, पुढच्या अंगाला जाळीचं तोंड आणि बाजूला एक चपटी फट. खाली एक दोरी लोंबत होती. आखातात बसऱ्याकडे कुणा तेलवाल्या साहेबाने टाकून दिलेलं, असं म्हणाले.

"तात्या, ही चीज मोटारीच्या खिडकीला टांगायची," चाचा म्हणाले. "आत पाणी भरायचं. मोटार पळाली की वारा या तोंडातून आत शिरतो, पाण्यावरून जातो आणि या फटीतून गार होऊन येतो. दोरी वडली की आतलं भिजवण फिरतं. तिकडं उन्हात पत्रा चटके देतोय, आणि साहेब आत कोट घालून बसलेला! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"काचा?" तात्यांनी विचारलं.

"काचा बंदच! नायतर थंडावा ऱ्हाईल काय आत?"

आता या वयात कळतं, चाचांनी ते साहेब बंदराच्या रस्त्यावर उभं राहून बाहेरून बघितले होते. त्या मोटारीत बसायला त्यांना कोण देतंय? काचा दिसायला बंद दिसल्या, त्यांनी बंद सांगितल्या. माणूस सोन्यासारखा होता. त्यांना मी कधी बोल लावला नाही.

त्या वस्तूला आम्ही डबा म्हणायला लागलो आणि तिच्यात पाणी भरण्याला चाचांचाच शब्द उचलला, डबा चारज करणे. बॅटरीसारखं. ते काम माझ्याकडे आलं. आतलं मूळचं भिजवण, लाकडाच्या बारीक सालपटांचं, सडून गेलेलं होतं. मी ते काढून नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून भरला. पहिल्याच दिवशी डब्यातून तांबडं पाणी उडालं आणि मागच्या सीटवर डाग पडले. तात्या खोबरेल लावून पुसत बसले. मग काथ्या काढून वाळा भरला. बाजारातून वाळ्याच्या जुड्या आणायच्या, रात्रभर घागरीत भिजत घालायच्या, सकाळी विहिरीचं पहिलं, हाताला गार लागणारं पाणी काढायचं आणि डबा काठोकाठ भरायचा. जास्त पाणी, जास्त गार, असा आमचा सरळ हिशोब. पाणीच पाणी असलेल्या मुलुखातली माणसं आम्ही, दुसरं काय सुचणार?

मग तात्या मला मागे बसवायचे, चारी काचा वर करायचे आणि भाट्याच्या खाडीपर्यंत मोटार पळवायचे. मी दोरी ओढायची, फटीपुढे हात धरायची. हात ओला व्हायचा. वाळ्याचा वास यायचा, छान यायचा, खोटं कशाला सांगू. पण गार? कपाळ माझं. समुद्रावरचा ओला दमट वारा, तो आणखी ओला होऊन अंगावर यायचा. पोलकं पाठीला चिकटायचं. आणि पुढून तात्या आरशात बघून विचारायचे, "काय गो कुशे, लागतंय काय गार?"

त्यांचा चेहरा त्या आरशाएवढाच दिसायचा, डोळे आणि भुवया. गेली दोन वर्षं त्या डोळ्यांत मी काही बघितलं नव्हतं, ना राग ना आशा. डबा आल्यापासून त्यांत काहीतरी हलायला लागलं होतं. ते बघून मी म्हणायची, "वायच."

"वायच? म्हणजे लागतंय!"

"लागतंय, तात्या. वायच लागतंय."

मग ते घरी येऊन आईला सांगायचे. कुशी म्हणते गार लागतं. आज कालपेक्षा जास्त लागलं. स्वतः ते कधी मागे बसले नाहीत, मोटार कोण चालवणार? एकदा आईने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "खरंच गो?" मी तिच्याकडे न बघता पेजेची वाटी पुसत होते. म्हटलं, "खरंच." तेव्हा आई मिरजेला जायला तयार झाली. दोन वर्षं डॉक्टरांना, तात्यांना, शेजारपाजारच्या बायकांना जे जमलं नाही, ते माझ्या एका शब्दाने झालं. त्या दिवशी मला आनंद झाला होता. खरंच झाला होता, हेही लिहून ठेवते.

जायचं ठरलं ते भल्या पहाटे. ऊन चढायच्या आत आंबा घाट ओलांडायचा, असा तात्यांचा बेत. पण डॉक्टरांना मिरजेच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायची होती आणि ते पहाटे एका बाळंतिणीकडे गेलेले. आले तेव्हा साडेदहा झाले होते. आईची नाडी बघितली, तोंड गंभीर केलं. म्हणाले, "उशीर करू नका. पण या उन्हात काचबंद मोटारीत... उद्या पहाटे निघालात तर बरं. तुम्हीच ठरवा."

पडवीत सगळे उभे. आई माजघरात भिंतीला टेकून बसलेली, नेसून तयार, हातात चाचांचा रेशमी रुमाल. तात्या माझ्याकडे वळले. "कुशे, तू बसलीयेस त्यात. तू सांग. डबा गार करीत असला तर आत्ता निघू. नसला तर उद्या."

उद्या म्हणायला काय जात होतं माझं? एकच शब्द होता. पण उद्या म्हटलं असतं तर इतके दिवस मी काय बोलत होते ते सगळ्यांपुढे उघडं पडलं असतं. आईने पुन्हा नाही म्हटलं असतं. मी म्हटलं, "करतो गार. निघू या."

मी डबा चारज केला. ताजा वाळा, काठोकाठ पाणी, वर आणखी दोन कळशा पुढे तात्यांच्या शेजारी. खायला तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी, आईसाठी अळणी पेज. आईला मागच्या सीटवर उश्या लावून बसवलं, मी तिच्या शेजारी, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. चारी काचा मी माझ्या हाताने वर केल्या. डबा टांगलेल्या काचेच्या वर फट राहत होती, तीही मी जुन्या लुगड्याची चिंधी कोंबून बुजवली.

हातखंबा, पाली, नाणीज. ती गावं मी एरवी किती आवडीने बघायची. त्या दिवशी काचेवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी दोरी ओढत होते. आत पाणी उडत होतं, आईच्या पातळावर, माझ्या हातांवर. साखरप्याला तात्यांनी रेडिएटरमध्ये पाणी घातलं, मी डब्यात. दार उघडलं तेवढ्यात आईने एक मोठा श्वास घेतला. मी परत दार लावलं.

घाट चढायला लागलो आणि आई म्हणाली, "काच खाली कर गो. घुसमटतंय."

"थांब आई. आत्ता गार होईल. काच उघडली तर सगळा थंडावा जाईल ना."

दोन वळणं गेली. "कुशे, कर गो वायच खाली."

"थोडंच राहिलंय. वर गेलं की झालं."

तिसऱ्यांदा ती काही म्हणाली नाही. तिचं डोकं खांद्यावरून माझ्या मांडीवर आलं. मला वाटलं, झोप लागली. किती महिन्यांनी आडवी झोपली, असंही वाटलं, आणि तिला जाग येऊ नये म्हणून मी पाय हलवला नाही.

इथे थोडं पुढचं सांगते, कारण ते कळायला मला आणखी वीसेक वर्षं लागली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी नवऱ्याची बदली अकोल्याला झाली. तिथे खिडकीला वाळ्याचे कूलर लावायचे, पाण्यावरून हवा घेणारे, तोच आमचा डबा, फक्त मोठा आणि विजेवर चालणारा. पहिल्याच उन्हाळ्यात मी कूलर चालू करून खोलीची दारं-खिडक्या गच्च लावून बसले होते. घरमालकीण आली आणि ओरडली, "अवं बाई, खिडकी उघड ना! कोंडून घेतलं तर कूलर काय करन? हवा जायले वाट नको का?" मी खिडकी उघडली. खोली पाच मिनिटांत गार झाली. तिने आणखीही सांगितलं, हे फक्त कोरड्या उन्हात चालतं, पावसाळी हवेत याचा काही उपयोग नाही, उलट जीव कोंडतो. नवरा कचेरीतून आला तेव्हा मी तशीच खिडकीशी उभी होते. स्वयंपाक झाला नव्हता. डोकं दुखतंय, असं मी त्याला सांगितलं.

तर घाट संपला. आंबा गाव मागे पडलं, मलकापूरही गेलं. देशावरचं ऊन वेगळं, कोरडं. झाडं विरळ झाली, रस्त्यावर धूळ उडायला लागली, काचेवरची वाफ आपोआप गेली. तात्यांनी उकाड्याने आपल्या बाजूची काच उघडली होती, ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी सवयीने दोरी ओढली, फटीपुढे हात धरला, आणि हात गार पडला.

पहिल्यांदा विश्वास बसला नाही. परत धरला. गार! ओला नाही, गार. मानेवर गार, कपाळावर गार, वाळ्याचा वास घेऊन येणारा झुळझुळ गार वारा. चाचा खरं बोलले होते. आणि मीही आता खोटी नव्हते. इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं आणि मी हसले. आईचा हात हातात घेतला. तोही गार होता.

"तात्या!" मी ओरडले. "चालला डबा! लागला गार! आईचे हात बघा, किती गार पडलेत!"

तात्यांनी आरशात बघितलं. ते डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या मांडीकडे होते. मोटार तशीच पुढे चालत राहिली, बराच वेळ, एक बैलगाडी मागे गेली, एक विहीर गेली. मग त्यांनी रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली मोटार घेतली आणि इंजिन बंद केलं. मोटार थांबली तसा डब्याचा वाराही थांबला. आईचे हात तसेच गार राहिले.

तात्या उतरले. मागचं दार उघडून त्यांनी आईच्या नाकाशी हात धरला, मनगट धरलं, सोडलं. मग फिरून एकेक करत उरलेल्या सगळ्या काचा खाली केल्या. काचबंद मोटार त्यांना नको झाली असावी, एवढंच मला तेव्हा वाटलं. ते रस्त्याकडेला दगडावर बसले. रडले नाहीत. मीही रडले नाही. रडू यायला हवं एवढं कळत होतं, पण येत नव्हतं, आतमध्ये काही नव्हतंच. आईचं डोकं मांडीवर, मांडीला मुंग्या आलेल्या. मला भूक लागली होती. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण लागली होती. मी फडकं सोडून एक भाकरी घेतली, जवळ्याच्या चटणीशी खाल्ली. अळणी पेजेचा डबा बाजूला तसाच होता. खाता खाता मनात आलं, खारातली कैरी द्यायला हवी होती. दुसरं काही मनात आलं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तात्या उठले. मिरज पुढे होती, रत्नागिरी मागे. त्यांनी खिडकीचा डबा सोडवला, उपडा केला. पाणी मातीत पडलं आणि बघता बघता वाळून गेलं. रिकामा डबा त्यांनी पुढच्या सीटखाली ठेवला. मग दाराशी येऊन वाकले आणि माझ्याकडे बघितलं, आरशातून नव्हे, समोरून.

"कुशे," ते म्हणाले, "घरी असताना, भाट्याला जायचो तेव्हा... खरंच लागायचा गो गार?"

आता खरं बोलायला काहीच हरकत नव्हती. पण त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि परत घाट उतरून इतक्या लांब मोटार त्यांनाच चालवायची होती.

"वायच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मोटार वळवली.